हेडचे स्टड

लातुरात नटबोल्ट विकण्यात माझी जिंदगी गेली. गिऱ्हाईक सायकलचं असो की क्रेनचं, मी न बघता डब्यात हात घालतो. आणि माझ्याच जुन्या फियाटचं इंजिन खोलल्यावर, हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, आवळायला बोल्ट घ्यावेत की दोन्हीकडं आटे असलेले बिनडोक्याचे स्टड, ह्या एका गोष्टीनं माझी झोप उडवली.

मिस्त्री व्यंकटी, नायगावचा. तो म्हणायचा, "आप्पा, घरचं दुकान असून कशाला हिंडायलात? नवेकोरे बोल्ट काढा, आवळून देतो." घरचं दुकान हाय म्हणूनच ना बाबा. माझा माल गेटाला, टाकीला एक नंबर. पण इंजिनाच्या हेडची आग तो सोसंल का, ह्याची गॅरंटी मी गिऱ्हाईकाला दिली असती, गुरम्माला कशी देऊ?

गुरम्मा माझी बायको. उन्हाळ्यात नांदेडहून येताना अहमदपूरजवळ हेडचे जुने बोल्ट ढिले पडले, त्याखालचं गॅसकेट गेलं आणि गाडी भर उन्हात उभी राहिली. आसपास झाड न्हाई. गुरम्माला भोवळ आली, दवाखान्यात सलाईन लावावं लागलं. मला वाटलं, आता ही हाती लागत न्हाई. लई भ्यालो. शुद्धीवर आल्यावर ती एवढंच बोलली, "आता मी एसटीनं जात जाईन." लग्नापासून माझ्या शेजारच्या सीटवर बसलेली बाई. तेव्हापासून कुठं जायचं झालं की पिशवी उचलून स्टँडवर. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शेवटी स्टड ठरवले. बोल्ट दरवेळी इंजिनाच्या धडाच्या, म्हणजे ब्लॉकच्या, आट्यांत फिरतो आणि जुनं लोखंड खातो. स्टड एकदा बसला की बसला, आवळायचा तो वरचा नट. चांगल्या पोलादाचे नांदेडहून आणले. व्यंकटीनं तोंड वाकडं केलं. करू दे. ब्लॉक फुटला तर दुसरा मिळणार न्हाई, म्हणून मी त्याला पानासुद्धा लावू दिला न्हाई. स्टड बोटांनीच फिरवत होतो.

पहिले नीट बसले. मग एक अर्ध्यातच थांबला. व्यंकटी पाना घेऊन पुढं आला. "हात लावू नको," मी वरडलो. उलटा फिरवून काढला तर टोकाला लालसर चिकट पाणी. बोट नाकाशी नेलं. नारळ.

आदल्या दिवशी खंडेनवमी होती. हत्यारांची पूजा करताना गुरम्मानं उघड्या ब्लॉकलाही हळदकुंकू वाहून वर नारळाचं पाणी शिंपडलं होतं. ती भोकं खालून बंद. त्यात पाणी असताना पान्यानं बोल्ट आवळला असता, तर दाबानं लोखंड उभं फाटलं असतं.

मी तणतणत घरात गेलो. "अगं बाई, इंजिनाला आंघोळ घालायला तुला कुणी सांगितलं होतं?"

"पूजा न करता गाडीत बसत असतात का?" ती भाकरी थापता थापता बोलली.

"कोण बसणार हाय?"

तिनं हात धुतले, देवघरातला कापूस घेतला, ब्लॉकपाशी येऊन बसली आणि लांब वाती वळून एकेका भोकात सोडायला लागली. मी वात बाहेर काढून बघायचो. कोरडी आली तरी म्हणायचो, अजून एक दे. व्यंकटी कंटाळून चहाला गेला.

हेड चढलं. थोड्या दिवसांनी नांदेडला निघालो. गुरम्मा पुढं बसली, पाण्याच्या बाटल्या पायाशी घेऊन. माझं ध्यान रस्त्यावर न्हवतंच. इंजिन किती तापलं ते दाखवणारा काटा जरा हलला की माझी नजर तिथंच अडकायची. अहमदपूरजवळ समोरून ट्रक आला, त्यानं हॉर्न दाबून धरला, तेव्हा कुठं मी गाडी बाजूला घेतली.

"आवो, तुम्ही रस्त्याकडं बघा," गुरम्मा म्हणाली. "काट्याकडं मी बघते."