चारी लाइट म्हणजे सरळ

नेकनूरच्या दूध संस्थेची जीप बंकट चालवायचा. आसपासच्या गावांतली निम्मी पोरं त्याच्याच हाताखाली गाडी शिकलेली, म्हणून सगळे त्याला उस्ताद म्हणत. उस्ताद म्हटलं की त्याची मान ताठ व्हायची, आणि ताठ मानेला पायाखालचं दिसत नाही, हे त्याला सांगायच्या भानगडीत कुणी पडलं नव्हतं.

त्याची एक खास शिकवण होती. चार रस्ते मिळतात तिथं, फाट्यावर, गाडी थांबवून तो शिकाऊ पोराला विचारायचा, "डावीकडं वळायचं तर डावा इंडिकेटर, उजवीकडं तर उजवा. मग सरळ जायचं तर? त्याला बी काई तरी पायजे का न्हाई बे?" पोरगं डोकं खाजवायचं. मग उस्ताद त्रिकोणाचं लाल बटण दाबायचा. "हे बघ, चारी लाइट! चारी पेटले म्हंजी गाडी सरळ चालली. माघच्यानं बिनघोर यावं."

हिशेब असा चोख वाटायचा की त्यात खोट काढायला कुणाला सवडच मिळाली नाही. फाटा आला की जीपा, टेम्पो, पाण्याचे टँकर, सगळे चारी लाइट मिचकावत आरपार जायचे. एकदा फक्त बंकटच्या बायकोनं, ताराबाईनं, विचारलं होतं, "अवो, पर ते बटण लाल कावून हाय? लाल म्हंजी थांबा न्हवं का?"

"तू चुलीवरचं दूध बघ," म्हणून बंकट हसला होता. दूध तेव्हा खरोखरच उतू चाललेलं होतं, त्यामुळं विषय तिथंच राहिला.

त्या वर्षी दुष्काळ लागोपाठ दुसऱ्यांदा पडला होता. जनावरं चारा छावणीत आणि माणसं टँकरच्या रांगेत, अशी वाटणी झाली होती. त्याच रांगेतल्या रेटारेटीत ताराबाई हंड्यासकट पडली आणि तिचा पाय मोडला. अंबाजोगाईच्या दवाखान्यात मांडीपर्यंत प्लास्टर घातलं. बंकटनं संस्थेचं दूध शीतकेंद्रावर टाकलं, रिकामे कॅन जीपच्या मागच्या भागात भरले आणि जाता जाता बायकोला घरी न्यायला घेतलं. पुढं पाय मावेना, म्हणून ती मधल्या सीटवर आडवी बसली. पाठ एका दाराला टेकलेली, प्लास्टरचा पाय दुसऱ्या दारापर्यंत.

केज मागं पडलं आणि पाणी भरायच्या ठिकाणी सुग्रीव दिसला. बंकटचाच चेला, आता टँकरवर होता. भर दुपारी आभाळ तांबडं झालेलं, वारं सुटलेलं.

"उस्ताद, फुफाट्यात काईच दिसंना," सुग्रीव खिडकीशी येऊन म्हणाला. "तुमी व्हा म्होरं. टाकीचं झाकण लावून तुमच्या माघं माघं येतो."

"ये की. फाट्यावर माझे चारी लाइट दिसले की बिनघोर ये. उगं ब्रेक मारत बसू नको, गावात बाया वाट बघून दमल्या असत्याल."

बंकट निघाला. थोड्याच वेळात धुळीचं वादळ अंगावर आलं. काचेपुढं नुसती माती. ताराबाई पदर नाकाशी धरून म्हणाली, "कडंला थांबू या की जरा." पण उस्तादानं थांबायचं म्हणजे काय! तो रस्त्याची कड बघत बघत फाट्याला आला, सवयीनं लाल बटण दाबलं आणि सरळ घुसला.

फाट्याच्या ऐन मध्ये खड्डा होता. दाणकन आवाज झाला, स्टीअरिंग हातात लुळं पडलं आणि जीप एका बाजूला कलून जागच्या जागी बसली. बंकटनं उतरून पाहिलं. पुढचं चाक तुटून आडवं झालेलं. आता चार माणसं लागली असती तरी जीप हलली नसती.

"काय झालं?" ताराबाईनं विचारलं.

"काई न्हाई. चाक गेलं. घाबरू नको, आता चारी लाइट लावतो. माघच्याला कळतंय, गाडी बंद पडलीय म्हणून."

तो आत वाकला. बोट बटणापर्यंत गेलं आणि तिथंच थांबलं. बटण आधीच दाबलेलं होतं. लाइट कधीचे मिचकावत होते, टिक टिक, टिक टिक.

मागून सुग्रीव येतोय. त्याच्या टँकरमध्ये गळ्यापर्यंत पाणी. आणि त्याला हे चारी लाइट दिसले, तर तो काय समजेल? उस्ताद सरळ चाललेत. बिनघोर या. हे आपणच त्याला शिकवलंय, आणि आत्ता, पाणी भरायच्या जागी, पुन्हा बजावलंय.

त्यानं बटण बंद केलं. टिकटिक थांबली आणि जीप धुळीत बुडाली. आता तर सुग्रीवला काहीच दिसणार नव्हतं. त्यानं पुन्हा चालू केलं. धरलं तर चावतंय आणि सोडलं तर पळतंय, अशी गत.

"तारे, उतर. तुला उचलतो."

त्यानं पायाकडचं दार उघडलं. प्लास्टर सीटच्या कडेला अडकलं, ताराबाई कळवळली. त्यानं ओढलं, तिनं दात आवळले, पाय निघेना. एवढ्यात लांबून, वाऱ्याच्या घोंघावण्यातून हॉर्न आला. लांबलचक, शेवटी चिरकणारा. तो सुग्रीवचाच, दुसऱ्या कुणाचा असूच शकत नव्हता.

ताराबाईनं त्याचा हात झिडकारला. "मला सोडा. तुमी माघं पळा. त्याला थांबवा!"

"तुला टाकून?"

"पळा म्हणते न्हवं!"

बंकटनं मागचं दार उघडलं आणि दोन्ही हातांत कॅन घेऊन पळत सुटला. ट्रकवाले गाडी बंद पडली की मागं झाडाची फांदी टाकतात, दगड मांडतात. पण दुष्काळानं बाभळींना पालासुद्धा ठेवला नव्हता आणि दगड शोधायला डोळे उघडत नव्हते. त्यानं रस्त्यात कॅन आडवे टाकले, परत पळाला, आणखी दोन आणले. शेवटच्या कॅनवर झाकण बडवत तो रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. ठण ठण ठण. ओरडायला तोंड उघडलं की तोंडात माती. आयुष्यात तो इतका कधी भ्याला नव्हता. मरणाला भीत नव्हता. आपल्याच शिकवणीनं आपली बायको चिरडली जाणार, याला भीत होता.

मातीतून दोन पिवळे दिवे निघाले. वेग कमी होत नव्हता. उलट इंजिनचा आवाज चढला. सुग्रीवला जीपचे लाइट दिसले होते.

बंकटनं कॅन टँकरच्या काचेवर भिरकावला आणि बाजूला उडी टाकली. टँकर आडव्या पडलेल्या कॅनवर चढला. ब्रेक किंचाळले, पण टाकीतलं पाणी हिंदकळून गाडीला पुढंच रेटत होतं. टँकर धुळीत शिरला. मग एक आवाज आला, पत्रा चेपल्याचा. मग नुसता वारा.

"तारे!" बंकट ओरडत धावला.

टँकरचा बंपर आणि जीपचं मागचं दार यांच्यामध्ये दुधाचा एक कॅन अडकला होता. भाकरीसारखा चपटा झालेला.

आत ताराबाई डोळे मिटून बसली होती. त्यानं तिचा चेहरा चाचपला, हात चाचपले. "हाय," ती म्हणाली. "हाय मी." आणि बंकट, नेकनूरचा उस्ताद, तिच्या प्लास्टरवर डोकं ठेवून हमसून हमसून रडला.

सुग्रीव टँकरचं दार धरून खाली उतरला. "उस्ताद," तो म्हणाला, "मी हळूच येत होतो. मग तुमचे चारी लाइट दिसले. म्हणलं, उस्ताद सरळ चाललेत, रस्ता मोकळा हाय. म्हणून गियर टाकला. तुमीच म्हणलेलात न्हवं?"

दोघांनी मिळून ताराबाईला अलगद बाहेर काढलं आणि रस्त्यापासून लांब, बाभळीच्या बुंध्याशी बसवलं. जीपच्या पुढं आणि टँकरच्या मागं कॅन मांडले. जीपचे लाइट अजून मिचकावत होते. ताराबाई त्यांच्याकडं बघत होती.

वारं जरा पडलं. तेवढ्यात आडव्या रस्त्यानं भाड्याची एक काळीपिवळी जीप आली, टपापर्यंत माणसं भरलेली. आत बायका, लेकरं. पाठीमागं तिघं लोंबकळत. चालवायला ज्ञानोबा, तोही बंकटचाच चेला. फाटा येताच त्यानं कौतुकानं चारी लाइट लावले, उस्तादाला दिसावेत असे. कॅनांना वळसा घातला आणि खिडकीतून हात काढून ओरडला, "रामराम उस्ताद!"

"ज्ञानोबा! बंद कर ते! बंद कर!" बंकट दोन्ही हात हलवत धावला.

ज्ञानोबाला वाटलं, उस्ताद निरोप देतायत. त्यानंही हात हलवला, आणि चारी लाइट मिचकावत काळीपिवळी सरळ पुढच्या धुळीत शिरली. बंकट तिच्या मागं पळत होता.