चार म्हणजे चार

हडपसरला आमचं चष्म्याचं दुकान आहे. त्यावर पाटी : 'दुपारी १ ते ४ बंद. चार म्हणजे चार.' माझे अब्बा, मैनुद्दीन चष्मेवाले, तुरुंगात गेले ते या पाटीपायी.

झालं असं, की दुकानासमोर पार्किंगवरून मारामारी झाली आणि एकाचा ओठ फुटला. फिर्यादीत नाव अब्बांचं. ते तेव्हा आत गिऱ्हाईकाचा नंबर तपासत होते. साक्षीदार एकच, ते गिऱ्हाईक, आणि त्याचा चष्मा काढलेला.

कोर्टात विचारलं, गुन्हा कबूल आहे का? तीन वाजत आले होते. नाही म्हटलं तर वर्षानुवर्षं खटला, हो म्हटलं की दंड भरून मोकळं, असं बाकावरच्या एका अनुभवी आरोपीने सांगितलेलं. अब्बा म्हणाले, "कबूल आहे. निघू का?"

तीन महिने साधी कैद.

अपिलासाठी सुहासिनी मॅडमना वकील केलं. निकालापर्यंत शिक्षा थांबली.

"मी मारलंच नाही, हे सांगा त्यांना," अब्बा म्हणाले.

"ते आता नाही सांगता येत. कबुली दिलीत ना आपण? अपील फक्त शिक्षेपुरतं. मारलं, पण तीन महिन्यांइतकं नाही मारलं, असं म्हणायचं."

"मग किती मारलं?"

"दंडापुरतं. आणि चेहऱ्यावर पश्चात्ताप दिसू दे."

घरी तालीम सुरू झाली. अम्मी न्यायाधीश. अब्बा मान खाली घालायचे, कपाळाला आठ्या आणायचे.

"हे पोट बिघडल्यासारखं दिसतंय," अम्मी निकाल द्यायची. "पुन्हा करा."

सुनावणीला न्यायाधीशांनी थेट अब्बांनाच विचारलं, "पश्चात्ताप होतो का?"

मॅडमनी डोळ्यांनी खुणावलं. मागच्या बाकावरून मी मान खाली घालून दाखवली. अब्बांनी ती नीट पाहिली आणि म्हणाले, "होतो ना साहेब. कबूल केल्याचा."

न्यायाधीशांनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. अपील फेटाळलं.

हवालदार शेजारी येऊन उभा राहिला. अब्बांनी खिशातून किल्ल्या काढून माझ्या हातात दिल्या.

"सव्वातीन झालेत, इमाद. निघ तू. चारला पोहोचशील."

"अब्बा, मला नंबर तपासता येत नाही."

"शटर तर उघडता येतं ना?"

मी निघालो. दुसरं काय करणार होतो? मगरपट्ट्याच्या सिग्नलला अडकलो. पोहोचलो तेव्हा पाटीखाली एक आजोबा घड्याळाकडे बघत उभे होते.

"चार म्हणजे चार ना? दहा मिनिटं उशीर केलात."

मी कबूल केलं.