बोरिवलीच्या अलीकडे

काशीराम मोटरमन होता. चौऱ्याऐंशी साली त्याच्या मुलीनं, शुभानं, चंद्रप्रकाश नावाच्या बौद्ध मुलाशी लग्न केलं आणि काशीरामनं तिचं नाव घेणं सोडलं. ती बोरिवली स्टेशनच्या जरा अलीकडे, रुळांलगतच्या चाळीत राहते, हे त्याला बायकोकडून, जानकीकडून कळलं.

त्याची गाडी बोरिवलीला संपायची आणि तिथूनच उलटी फिरायची. पुढची गाडी फलाट सोडून, रूळ बदलायचा सांधा ओलांडून चर्चगेटकडे लागेपर्यंत मागून आलेलीला आत जागाच नसे. गाड्या वाढवायच्या म्हटलं की सगळं त्या सांध्यापाशी येऊन अडायचं. लाल सिग्नलला गाडी उभी राहिली की प्रवासी वैतागत. काशीराम मात्र उजवीकडे बघत बसे. शुभाच्या खोलीचं दार तिथून समोर दिसायचं.

कधी ती तांदूळ निवडत असे, कधी केस विंचरत. पुढे दोरीवर लंगोट दिसायला लागले. हात वर करावा असं त्याला वाटे, पण तेवढ्यात सिग्नल मिळे. घरी जानकी मुलीचं नाव न घेता विचारायची, आज सिग्नल लागला का. तो जेवता जेवता सांगायचा, लंगोट बरेच होते, म्हणजे बाळ बरं असेल.

दोन वर्षांनी नवा फलाट झाला, सांधे बदलले. गाड्या लागोपाठ आत जाऊ लागल्या. सगळे खूष होते. काशीरामला आता दार दिसेपर्यंत चाळ मागे पडायची. वेग कमी करावा, तर पाठोपाठ दुसरी गाडी. जानकीनं विचारणं बंद केलं.

एका रविवारी तो खिडकीशी नुसता बसून होता. जानकी म्हणाली, "गाडी थांबणा नाय, तर तुमी थांबा मगे."

तो उठला, सदरा चढवला आणि निघाला.

चाळीत पोचला तेव्हा शुभा मुलीला भात भरवत होती. त्याला बघून ती उभी राहिली, पण पुढे आली नाही.

"बरेच दिवस दिसला नाहीत बाबा," ती म्हणाली. "मला वाटलं, ड्यूटी बदलली तुमची."

इतके दिवस त्याला वाटत होतं, बघणारा आपण एकटाच.

तिनं पाणी दिलं. चंद्रप्रकाश बाजारात गेला होता, तो येईपर्यंत बसा म्हणाली. काशीरामनं मुलीचं नाव विचारलं. मीरा. ती आईच्या पदराआडून त्याच्याकडे टक लावून बघत होती, जवळ येत नव्हती. त्यानं चपला काढल्या, आत येऊन खाली बसला आणि दोन्ही हात तिच्यापुढे केले.