धाकट्या जावेबद्दल अभिप्राय

मला माझ्या धाकट्या जावेचा हेवा वाटतो. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे साळसूदपणाचा आव आणायला नको. हेवा तरी कसला, नुसता जळफळाट. त्यातून तिला या कंपनीत चिकटवली ती मीच. दीर म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडे हिचं काही जमतंय का बघा," आणि मी मोठ्या मनाने साहेबांकडे शब्द टाकला. कुठून ते मोठं मन सुचलं देव जाणे.

आमची कंपनी पंचवीस माणसांची. दवाखान्यांना लागणारं सॉफ्टवेअर लिहितो आम्ही: पेशंटचे नंबर, तपासण्यांचे रिपोर्ट, औषधांच्या याद्या. अकरा वर्षं मी तिथे आहे. कुठल्या कोडला हात लावला की काय कोसळतं, हे मला तोंडपाठ. कुणी अडलं की माझ्या टेबलाशी यायचं, मी जरा भाव खायचा, मग सांगायचं. बरं चाललं होतं.

मग साहेब कुठल्याशा परिषदेला गेले आणि एआयचं वारं अंगात भरून आले. दुसऱ्याच दिवशी फर्मान निघालं: कोड, मेल, मीटिंगची टिपणं, जे काही असेल ते आधी एआयला विचारायचं. साहेबांना क्रांती हवी होती, पण एका लॉगिनमध्ये भागवायची होती. सबंध टीमला मिळून एकच अकाउंट. त्यामुळे स्क्रीनच्या डाव्या बाजूला सगळ्यांचे चॅट एकाखाली एक दिसायचे. आमच्या टेस्टरने बायकोशी झालेल्या भांडणावर सल्ला मागितला होता, तो आम्ही दोन दिवस चवीने वाचला. तेव्हापासून काम झालं की आपापलं पुसून टाकायचं असं ठरूनच गेलं.

धाकटीच्या हातात ते एआय पहिल्या आठवड्यातच बसलं. रिपोर्टचा जो भाग मी तीन आठवड्यांत देते म्हणाले होते, तो साहेबांनी "जरा बघ गं" म्हणून तिला दिला आणि बाईसाहेबांनी चार दिवसांत संपवला. मी त्यात चुका शोधायला बसले. दीड दिवस शोधल्या. एक सापडली, ती माझ्याच जुन्या कोडमधली निघाली. साहेबांनी सगळ्यांना उभं करून तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. मीही वाजवल्या, जरा जोरातच, कुणाला शंका नको म्हणून. घरी पोचलो तर बातमी आमच्या आधी पोचलेली. सासूबाई दारातच तिला म्हणाल्या, "साहेब खूश झाले म्हणे." आणि माझा नवरा जेवता जेवता म्हणाला, "तूही शिकून घे की तिच्याकडून." मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. त्याला ते तिसऱ्या दिवशी कळलं.

त्याच महिन्यात टीम लीडची जागा निघाली. अकरा वर्षं मी या एका जागेवर डोळा ठेवून होते. साहेबांनी दोन नावं काढली, माझं आणि तिचं. निर्णय कसा करायचा, तर प्रत्येकाने दोघींबद्दल, आणि आम्ही एकमेकींबद्दल, फॉर्मवर निनावी अभिप्राय लिहायचा, अर्थात एआयची मदत घेऊन. "आणि नातीगोती घरी ठेवा," साहेब आमच्याकडे बघून म्हणाले.

जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर मी बसले. लिहिलं, माझ्या धाकट्या जावेबद्दल अभिप्राय हवाय. ती स्वतः काही करत नाही, एआयकडून करून घेते. आलेलं उत्तर तपासत नाही. मोठ्यांना विचारायला तिला कमीपणा वाटतो. एआयने त्याचं अगदी गुळमुळीत करून दिलं, 'पडताळणीत सुधारणेला वाव आहे' वगैरे. मी म्हटलं, एवढं मिळमिळीत नको, कडक कर. केलं त्याने. तरी माझं समाधान होईना, म्हणून शेवटचं वाक्य मीच जोडलं: 'त्यांच्या चुका वरिष्ठांना निस्तराव्या लागतात.' हे धडधडीत खोटं होतं. लिहिताना मला ते माहीत होतं, आणि लिहून बरं वाटलं. फॉर्म पाठवला तेवढ्यात साहेबांनी मीटिंगला हाक मारली आणि चॅट पुसायचा राहून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना आठवलं. ऑफिसात पोचले तशी पर्सही न ठेवता कम्प्युटर उघडला. एआयने आपणहून मथळा देऊन ठेवला होता, 'धाकट्या जावेबद्दल अभिप्राय', कुणाच्याही नजरेत भरावा असा. आत माझ्या मजकुराखाली कुणीतरी एक प्रश्न विचारला होता: 'यातलं खरं किती असेल?' एआयने उत्तर दिलं होतं की मिळालेल्या माहितीवरून ते सांगता येणार नाही.

त्याच्या वरती, म्हणजे त्यानंतरचा, आणखी एक चॅट होता, 'ताईंबद्दल अभिप्राय'. ऑफिसात मला ताई म्हणणारी एकच आहे. तिने लिहिलं होतं, 'एआयला कोड लिहिता येतो, पण तो तसा का लिहिलाय हे ताईंना माहीत असतं. त्यांच्या एका शब्दाने माझे आठ-आठ दिवस वाचलेत. लीड त्यांनाच करा.' एआयने भाषा जरा सौम्य करून दिली, तर खाली तिचं उत्तर होतं, 'कमी करू नकोस. आहे तसंच राहू दे.'

खरं सांगू? लाज मागाहून वाटली. आधी अंगाचा तिळपापड झाला. माझं सगळं वाचून वर हे लिहिलं हिने. म्हणजे चांगुलपणातही हिने माझ्यावर कडी करायची. मी माझा चॅट पुसला, तिचा ठेवला. पाठवलेला फॉर्म परत मागता आला असता का, हे मी कुणाला विचारलंसुद्धा नाही. मला ती जागा हवी होती.

धाकटी काही बोलेल म्हणून मी आठ दिवस श्वास रोखून होते. गाडीवर माझ्या मागे बसून यायची, घरी ओट्याशी माझ्या शेजारी उभी राहून पोळ्या भाजायची, पण त्यातलं अवाक्षर नाही. नवव्या दिवशी लीड म्हणून माझं नाव जाहीर झालं. तिने अभिनंदन केलं, अगदी मनापासून हसून.

लीडचं पहिलं काम साहेबांनी तिथेच सांगितलं. दोन्ही उमेदवारांबद्दलचे अभिप्राय आलेत. माझे त्यांनी मला दिले, तिचे तिला मी वाचून दाखवायचे, समोर बसवून, शब्द न बदलता. "लिहायला एआय आहे, सांगायला माणूस पाहिजे," साहेब म्हणाले. फॉर्मवर प्रत्येक तक्रारीपुढे 'उदाहरण' असा रकाना होता. तो लीडने भरायचा आणि खाली सही करायची.

काचेच्या केबिनमध्ये आम्ही समोरासमोर बसलो. तिच्यासमोर वही, हातात पेन. बाकीच्यांनी तिचं कौतुकच केलं होतं, ते मी भरभर वाचलं. मग माझी वाक्यं आली. ती खाली मान घालून एकेक टिपून घेत होती. शेवटचं वाक्य वगळावं असं वाटलं, पण काचेपलीकडे साहेब उभे होते. वाचलं.

"याचं उदाहरण?" तिने विचारलं.

मी कागद चाळल्यासारखं केलं. त्यात काय असणार होतं. शेवटी कागद खाली ठेवला आणि म्हणाले, "ते मी लिहिलंय."

"माहितीये, ताई," ती म्हणाली. "म्हणून तर तुम्हाला विचारतेय. माझं कुठे चुकलं होतं?"

ती खरंच विचारत होती. पेन कागदावर टेकवून वाट बघत होती.