टीएसएचची खोवा जलेबी

हिंगाची नवी डबी ठेवायला कुंदाताईंनी फडताळ उघडलं, तर आत आधीच दोन न फोडलेल्या डब्या. त्यांनी तिन्ही पिठाच्या डब्यामागे सरकवल्या आणि नवऱ्याला, विष्णुपंतांना, काही कळू दिलं नाही. कुंदाताईंच्या आईचं असंच सुरू झालं होतं. शेवटी शेवटी ती पोटच्या लेकीला विचारायची, ‘बाई, तुम्ही कोण?’ जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेल्या कुंदाताई आता त्या एका प्रश्नाला भिऊन होत्या. बोलता बोलता शब्द हरवायचा, दुपार झोपेत जायची, पण तपासून घ्यायचा धीर होत नव्हता.

एप्रिलात भाची अमिता सिहोऱ्याहून आली. ती तिथे डॉक्टर. सगळं जबलपूर कूलरसमोर बसलेलं, आणि मावशी स्वेटर घालून पोळ्या लाटतेय. अमिताने आधी थट्टा केली, मग मावशीचा हात हातात घेतला. कातडी कोरडी, आवाज जाड, चेहरा सुजल्यासारखा. पोट साफ होतं का, वजन वाढलं का, असं विचारत तिने मावशीला खुर्चीवर गुडघे टेकायला लावले आणि लाटण्याच्या मुठीने टाचेवरच्या शिरेवर हलकेच ठोकलं. पाऊल हललं, पण परत जागेवर येताना रेंगाळलं.

विष्णुपंत दारातून म्हणाले, “काहून मारून राहिली गं तिला? मी इतक्या वर्षांत हिंमत नाही केली.”

ते हसत बाहेर गेल्यावर कुंदाताईंनी मनातलं बोलून टाकलं. “आईसारखं होऊन राहिलंय मला.”

“असेल की नाही, ते आत्ता नको,” अमिता म्हणाली. “एवढी लक्षणं एकत्र दिसली की आधी थायरॉइडसाठी रक्त तपासायचं. त्यानेही माणूस विसरतो, मावशी. आणि त्याला गोळी आहे.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिपोर्ट आला. टीएसएच खूप वाढलेला, टी-फोर कमी; म्हणजे थायरॉइडच. अमिताने फोनवर समजावलं: सकाळी उपाशीपोटी गोळी, दीड-दोन महिन्यांनी पुन्हा रक्त. घाई करायची नाही. पण विसरणं बरंच कमी होईल, असं तिला वाटत होतं. असा रिपोर्ट पाहून आनंदलेलं माणूस तिने तरी पाहिलं नव्हतं. कुंदाताईंनी नवऱ्याला तडक खोवा जलेबी आणायला पिटाळलं.

शेजारच्या रश्मी दीदींना जलेबी देताना विष्णुपंत म्हणाले, “घ्या, मुँह मीठा करा. हिचा थायरॉइड वाढला.”

“वाढला नाही, कमी पडला,” आतून आवाज आला. “वाढला तो टीएसएच. गळ्यातली ग्रंथी काम करेना, म्हणून डोक्यातली तिला जोरजोरात हाका मारून राहिली. मी तुम्हाला मारते तशा.”

रश्मी दीदी गेल्या. विष्णुपंत पुडा घेऊन आत आले.

“तू विसरतेस, ते दिसत होतं मला,” ते म्हणाले. “पण माझ्या चुका काढायचं सोडलंस ना, तेव्हा भ्यालो.”

कुंदाताईंनी त्यांच्या हातातला पुडा घेतला, वजनाचा अंदाज घेतला.

“पाव किलो सांगितली होती. अर्धा किलो काहून आणली?”

“अर्धाच सांगितली होतीस.”

 त्यांनी आठवून पाहिलं, आठवेना. मग इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं, आणि बसल्या बसल्या त्यांनी पहिली जलेबी उचलली.