धरलंस का?

स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून कुनिओने दोन इंजिनं मांडून ठेवली होती. ती नजरेला पडू नयेत म्हणून मित्सुए टेबलाकडे पाठ करून मुळा चिरत होती. चिरताना सुरीवरची नजर ती क्षणभरही हलवत नव्हती.

दोन्ही इंजिनं पेट्रोलची. एक पस्तीस सीसीचं, दुसरं पंचावन्नचं. दुकानदार कोइकेने जुन्या दोस्तीखातर दोन्ही वापरून बघायला दिली होती. रविवारी नदीकाठी चालवून बघायची, एक ठेवायचं, एक परत द्यायचं. ज्या विमानासाठी हा खटाटोप ते मागच्या शेडमध्ये उभं होतं. रिमोटवर उडणारं, पण खेळण्यातलं म्हणावं असं मुळीच नाही. अडीच मीटर पंख, दहा किलो वजन आणि कुनिओचे तीन हिवाळे.

"मोठंच घ्यावं म्हणतो," कुनिओ म्हणाला. "चौदा किलोची ओढ आहे त्याला. लहान्याची नऊ. नऊ किलोत काय, गवत कापायचं?"

"गवत तरी कापून होईल. मागे गुडघाभर वाढलंय."

"चेष्टा नकोय."

"अहो, लहानच घ्या ना. आवाज कमी. पेट्रोल कमी."

"तुला इंजिनातलं कधीपासून कळायला लागलं?"

मित्सुएने पुढचा मुळा चिरायला घेतला. इंजिनातलं तिला काही कळत नव्हतं. तिला फक्त किलो कळत होते.

गेली एकतीस वर्षं कुनिओच्या प्रत्येक विमानाचं शेपूट मित्सुएने धरलं होतं. तो पुढे वाकून नाकावरचं पातं हाताने फिरवणार, इंजिन पेटणार, आणि विमान पुढे झेपावू नये म्हणून ती मागे गुडघे टेकून दोन्ही हातांनी त्याला धरून ठेवणार. फिरवण्याआधी तो दरवेळी विचारायचा, "धरलंस का?" ती म्हणायची, "धरलं." मगच पातं फिरायचं. पहिल्या वर्षी तिने शेपटाला पाय लावून जोर दिला होता, तेव्हा आतल्या नाजूक काड्या मोडल्या आणि कुनिओ दोन दिवस तिच्याशी बोलला नव्हता. तेव्हापासून फक्त हात.

विमानांच्या क्लबातले इतरजण वाळूत लोखंडी खुंटी ठोकून शेपूट बांधत. त्यांच्यातला मियासाकाही तसंच करायचा. गेल्या शरदात त्याचं इंजिन एकदम पूर्ण जोरात पेटलं, ओल्या वाळूतून खुंटी उपटून आली आणि विमान समोर वाकलेल्या मियासाकाच्या अंगावर गेलं. दोन बोटं गेली. ती शोधायला गवतात मित्सुएही वाकली होती. एकच सापडलं.

त्यानंतर कुनिओ क्लबात सगळ्यांना ऐकवू लागला, "खुंटीला काय कळतं? हात पाहिजेत, हात. तेही आमच्या मित्सुएचे." ऐकताना तिला पूर्वी अभिमान वाटला असता. आता ती तिथून उठून जायची. कारण नवीन वर्षाच्या दिवशी सूपचा वाडगा तिच्या हातून पडला होता, आणि तो पडल्याचं तिला फुटल्याच्या आवाजाने कळलं होतं.

तेव्हापासून बोटं बधिर होत चालली होती. डॉक्टरकडे ती गेली नाही. गेलं तर कुनिओला सांगावं लागणार, आणि सांगितलं तर हा हट्टी माणूस दुसऱ्या कुणाला शेपूट धरू देणार नाही. हात जोडून विनवलं तरी एकटाच नदीवर जाईल आणि पुढे वाकेल. रात्री डोळे मिटले की तिला ते गवत दिसायचं.

शुक्रवारी तो बाहेर गेला तेव्हा तिने पर्सिमनची फळं तोलायचा स्प्रिंगचा वजनकाटा झाडाला अडकवला आणि दोन्ही हातांनी ओढून धरला. नऊ किलोवर ती साठ आकडे मोजेपर्यंत टिकली. चौदावर एकोणतीस म्हणाली, तीस म्हणाली, आणि काटा खणकन खोडावर आपटला. तिने खाली पाहिलं. तिच्या मते बोटं अजून मिटलेलीच होती, पण समोर ती उघडी दिसत होती. ती तिथेच गवतात बसली आणि भीतीने तिला रडू कोसळलं.

रविवारी चिकुमा नदीवर वारा पडलेला होता, त्यामुळे वाऱ्याचंही निमित्त सांगता येईना. क्लबचे इतर सदस्य खाली बंधाऱ्याजवळ विमानं उडवत होते. आधी लहान इंजिन.

"धरलंस का?"

मित्सुएने बोटं एकेक करून पाहिली. "धरलं."

तिसऱ्या फिरवणीला इंजिन पेटलं. कुनिओ उठून बाजूला आला, कान तिरपा करून त्याने जोर वाढवला. चार मिनिटं. त्या चार मिनिटांत मित्सुएने पापणी लवू दिली नाही. धूर डोळ्यांत गेला, पाणी वाहू लागलं, तरी ती आपल्या बोटांकडे बघत राहिली.

"बरं आहे," कुनिओ म्हणाला. "पण दम नाही. चल, ते नाकाकडून उचल जरा, चटईवर घेऊ. मोठं बसवतो."

तिने नाकाकडची बाजू उचलली. मग त्याने इंजिन बदललं, तिने डब्यातले भाताचे गोळे काढले, त्याने चार खाल्ले. तिला एकही गिळवेना.

"पोट बिघडलंय का?" त्याने विचारलं.

"अहो, आज राहू द्या ना मोठं. पुढच्या रविवारी बघू."

"कोइकेला उद्या परत द्यायचंय. म्हातारी झालीस की काय? ये, धर."

ती शेपटामागे गुडघे टेकून बसली. हात पुढे केले, तेव्हा उजव्या तळव्यावर तिला पांढरा, टम्म फुगलेला फोड दिसला. मघाशी नाक उचलताना तो तळवा तापलेल्या सायलेन्सरवर टेकला असणार. किती वेळ टेकला होता कोण जाणे. तिला साधा चटका जाणवला नव्हता.

पुढे कुनिओ वाकला. टक्कल उन्हात चमकत होतं. त्याने दोन बोटं पात्यावर ठेवली.

"हे जरा अडेल वाटतंय, थोडा जोर वाढवूनच पेटवतो. धरलंस का?"

मित्सुएने तोंड उघडलं. 'धरलं' हा शब्द एकतीस वर्षांच्या सवयीने जिभेवर येऊन बसला होता.

"धरलंस का, अगं?"

"कळत नाही," ती म्हणाली.

"काय?"

"मला कळत नाही हो. धरलंय की नाही, मला कळत नाही. बोटं काढा आधी तिथून! काढा!"

ती इतक्या जोरात ओरडली की कुनिओने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. वैतागून तो पंखाला वळसा घालून आला आणि तिच्यावर खेकसणार तेवढ्यात त्याला फोड दिसला. त्याने तो अंगठ्याने दाबला. मित्सुएचा चेहरा हललासुद्धा नाही.

"कधीपासून?"

"नवीन वर्षापासून."

"मग मघाशी? 'धरलं' म्हणालीस ते?"

"बघून म्हणाले."

कुनिओ दगडांवर बसला. त्याने आपला उजवा हात समोर धरून पाचही बोटांकडे पाहिलं.

"दोन्ही इंजिनं परत," तो म्हणाला. "बास झालं."

तेव्हा मात्र मित्सुएला संताप आला. "तीन महिने मी जीव मुठीत धरून काढले, ते विमान माळ्यावर टाकायला? लहान ठेवा. शेपूट गाडीच्या हुकाला बांधा. गाडी काही वाळूतून उपटून येत नाही. एवढी साधी गोष्ट एवढ्या वर्षांत एकालाही सुचू नये?"

"बरं," कुनिओ म्हणाला. लग्नानंतर इतक्या पटकन तो कधी 'बरं' म्हणाला नव्हता. "आणि उद्या सकाळी डॉक्टर."

"बरं."

सामान आवरायला त्याला तासभर लागला, कारण त्याने तिला काहीच उचलू दिलं नाही. मोठं इंजिन डब्यात गेलं. मित्सुए गाडीत बसली, तिने सीटचा पट्टा ओढून खटक्यात सारला. कुनिओने किल्ली फिरवली नाही. तो तिच्या हातांकडे बघत होता.

"लागला का?"

मित्सुएने खाली वाकून पाहिलं. "लागला."

तरी तो तिच्या अंगावरून वाकला आणि त्याने पट्टा स्वतःच्या हाताने दोनदा ओढून बघितला.