पाच अँपिअरच्या घरातला डबा

"कोणी काय लावलंय?"

ही हाक ऐकली त्याला वर्षं लोटली, तरी माझ्या पत्र्यात ती अजून घुमते. स्वयंपाकघरातून आली होती ती, कणीक मळणाऱ्या बाईची हाक. न्हाणीघरातून एका पुरुषाने उत्तर दिलं, "धुण्याचं मशीन थांबवलंय!" आणि पाठोपाठ, "इस्त्रीही काढलीय, लावा काय लावायचं ते!" मग सगळं घर क्षणभर श्वास धरून थांबलं. एक बारीक बोट माझ्या बटणावर टेकलं आणि मी पहिल्यांदा जागा झालो.

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. दुकानात मला कॅबिनेट म्हणतात. कॉम्प्युटरचं काळीज, आतडी, श्वास सगळं ज्याच्या पोटात राहतं, तो मी. बैरूतच्या बस्ता भागात, चौथ्या मजल्यावरच्या घरात राहतो. सरकारी वीज इथे पाहुण्यासारखी येते आणि कॉफी न घेताच निघून जाते. बाकी सगळा संसार जनरेटरवाल्या अबू हसीबच्या पाच अँपिअरवर. एवढ्याशा विजेत सगळ्यांचे लाड होत नाहीत. म्हणून काहीही मोठं लावण्याआधी घरभर हाक द्यायची, कोणी काय लावलंय ते विचारायचं, आणि मगच बटण दाबायचं. नाहीतर खाली जिन्याच्या तोंडाशी खटका पडतो, सगळं घर मुकं होतं, आणि कोणाला तरी चार मजले उतरावे लागतात.

माझा जन्म फार लांबचा, समुद्रांपलीकडच्या कारखान्यातला. अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा कापला, वाकवला, त्याला अंगभर बारीक भोकं पाडली. एका बाजूने वारा यावा, दुसऱ्या बाजूने जावा. शेजारी धिप्पाड डबे बनत होते, काचेच्या भिंतींचे, रंगीत दिव्यांचे. मी आपला पावाच्या लादीएवढा. दुकानात ते पुढे मांडलेले आणि मी मागच्या फळीवर.

लमीस आली आणि तिने नेमकं मलाच मागितलं.

"ताई, हा कशाला?" दुकानदार हसला. "यात मांजरीचं पिल्लूसुद्धा मावायचं नाही."

"मांजर नाही पाळायचीय मला," ती म्हणाली. तिने पाठीवरची बॅग उतरवली, मला आत सरकवलं आणि चेन ओढली. चेन लागली तशी तिच्या चेहऱ्यावर असं हसू फुटलं की दुकानदाराने लगेच पावती फाडायला घेतली. ती बॅग विमानात हातात न्यायच्या मापाची होती, हे मला पुढे कळलं. मला घेतलं तेच मुळी जाण्यासाठी.

पण आधी काम. जी घरं अजून बांधलेली नाहीत, त्यांची चित्रं लमीस काढायची. ज्यांचा पाया खणला नव्हता त्या घरांच्या खिडक्यांत मी ऊन पाडलं, न घातलेल्या फरशीवर चमक आणली, न लावलेल्या झाडांच्या सावल्या अंगणात हलवल्या. घरची वीज गेली की ती मला खांद्याला लावून निघायची. कधी ऑफिसात, कधी मैत्रिणीच्या गच्चीवर, जिथे सूर्यावरची वीज फुकट होती. "आला गं तुझा ठेंगू!" मैत्रीण म्हणायची, आणि चित्र पुरं झालं की माझ्या डोक्यावर टपली मारायची. लमीसचे वडील आपल्या हातरुमालाने माझी भोकं पुसायचे. "हा बरा आहे," ते म्हणायचे. "लहान आहे, काम करतो आणि आवाज करत नाही. माझ्या पोरांनी याच्याकडून शिकावं."

मग ते वारले. थोरला मुलगा फिरास दुबईहून आला, सांत्वनाचे दिवस संपताच परतला. पुढच्या हिवाळ्यात आईची छाती कुरकुरायला लागली. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं आणि पाच अँपिअरमधला पहिला घास त्याचा झाला. लमीसची बॅग खुंटीवर गेली. तिच्या चेनीत धूळ, माझ्या भोकांत धूळ. मला कोणी पुसेना. खरं सांगू, मी कडवट झालो. चौथ्या मजल्यावरून विमानं उतरताना दिसतात. ती दिसली की मला अंगावर ओरखडे काढल्यासारखं व्हायचं.

आईला औषध देते लमीस. पाठ चोळते लमीस. आणि जिन्यात सगळे विचारतात, "उम्म फिरास कशी आहे?" फिरासची आई! मुलगा तिकडे आणि नाव इथे. त्या हाकेसरशी लमीसचा चेहरा कसा मिटतो, ते समोर बसून मीच पाहतो. बरं वाटत असलं की आई गुणगुणायची:

देवदाराच्या झाडा, तुझी मुळं डोंगरात,
फांदी गेली परदेशी, ऊन उतरे दारात.

"फांदीची गाणी पुरे," लमीस आतून म्हणायची. "झाडाला पाणी कोण घालतंय ते बघ."

या वसंतात माझ्यातून एक आवाज आला. फ्रान्समधल्या नांत गावातल्या एका ऑफिसातला. लमीसची चित्रं त्यांना आवडली होती. या, म्हणाले ते. लमीसने आवाज बारीक केला, मशीनच्या घरघरीखाली दडेल इतका. ईद झाल्यावरच्या शनिवारचं विमान ठरलं. ईदला फिरास येणार, तेव्हा त्याला आणि आईला सांगायचं, आईचं सगळं त्याच्याकडे सोपवायचं, असं तिने मनाशी घोकलं. हे गुपित तिच्याखेरीज फक्त माझ्या पोटात होतं. रोज ते तिच्या जिभेवर यायचं, आणि रोज ती ते गिळून म्हणायची, "मीठ दे."

फिरास आला. कोट आईच्या खोलीत अडकवला, तिच्या हाताचं चुंबन घेतलं, खजूर भरलेले चार मआमूल तोंडात कोंबले. ईद झाली तरी लमीसच्या तोंडून ते निघालं नाही, आणि गुरुवारी फिरासने टेबलावर एक भलामोठा खोका आदळला.

त्यात ग्राफिक्स कार्ड होतं, कॉम्प्युटरवर चित्रं झरझर उमटवणारं. तीन पंख्यांचं, विटेसारखं जाड, माझ्यापेक्षा बोटभर लांबच. पाहताक्षणी मी त्याचा द्वेष केला.

"बघ तरी!" फिरास म्हणाला. "याच्यापुढे बाजारात काही नाही. त्याला वीज पुरवणारा ताकदीचा एसएमपीएसही आणलाय सोबत."

"मला विचारलंस?"

"भेट काय विचारून देतात?"

"हे माझ्या डब्यात जाणार नाही."

"मग डबा फेक. काय हा, शाळेतल्या खाऊचा डबा!"

"तो माझ्या बॅगेत बसतो."

"बॅगेत कशाला बसायला हवा? तेच तर सांगतोय. आता गच्च्या धुंडाळायला नकोत, लोकांच्या दारात वीज मागायला नको. घरी बसून काम कर. आईजवळ. मलाही तिकडे निवांत झोप लागेल."

"तुझ्या झोपेची काळजी वाटतेच मला."

"बघ, बघ! गाढवभर ओझं आणलं आणि वर टोमणे!"

लमीसचे ओठ उघडले. बोल, मी मनात म्हटलं, बोल आता, परवा शनिवार आहे. ओठ मिटले. "फार्मसी बंद होईल," ती म्हणाली आणि पिशवी घेऊन जिना उतरली.

दार लागलं आणि फिरासने स्क्रू काढायला घेतले. माप नाही, पट्टी नाही, सगळा डोळ्यांचा अंदाज. कार्ड आत घातलं तर अडलं. माझा पुढचा पंखा, म्हणजे माझं फुप्फुसच, त्याने उपटून बाजूला ठेवला. तरीही कार्ड बोटभर बाहेर. तेव्हा त्याने वडिलांच्या हत्यारांच्या पेटीतून लोखंड कापायची करवत काढली. मदरबोर्डवर वर्तमानपत्र अंथरण्याएवढी अक्कल होती म्हणायची.

मित्रांनो, करवतीचा आवाज तुम्ही बाहेरून ऐकता. मी तो आतून ऐकला.

"फिरास, माझ्या राजा, काय कापतोयस रे?" आईने विचारलं.

"गंमत आहे, आई! लमीसला सांगू नकोस!"

पुढची भिंत तुटली. कार्ड आत घुसलं, कोपर मारत घुसलं. माझ्या बाजूचं झाकण बसेना, इतकं ते जाड. त्याची वायर मान मोडल्यासारखी काटकोनात दुमडली. जिथून मी श्वास घ्यायचो तिथे त्याची पाठ टेकली. ते सरकायला तयार नव्हतं, आणि मला सरकायला जागाच नव्हती. ज्या भोकांतून वडिलांचा रुमाल फिरला होता त्यांत आता पत्र्याचा चुरा भरला होता. झाकण पलंगावर पडलं. मी तसाच उघडा.

फिरास खुर्चीत बसला. आणि त्याने हाक दिली नाही. बैरूतमध्ये जन्मलेला माणूस, याच घरात वाढलेला! वीज मागावी लागत नाही अशा गावात राहून तो ते विसरला होता. त्याने बटण दाबलं आणि कार्डाची ताकद बघायला एक भला दांडगा खेळ लावला. तिन्ही पंखे किंचाळले. मी तापलो. स्वयंपाकघरात फ्रिज घुरघुरला.

आणि सगळं विझलं.

आईच्या खोलीतलं मशीन एकदा लांब ओरडलं आणि गप्प झालं.

"खटका पडला!" फिरास उठला. "आई, घाबरू नकोस, मी खाली जाऊन आत्ता वर करतो!" धडाधड पायऱ्या उतरत गेला तो. दार सताड उघडं. खोलीत आई एकटी. तिचा श्वास मला ऐकू येत होता, जाड कापडातून चाळल्यासारखा.

जिन्यात लमीसचा आवाज आला. "तू खाली काय करतोयस?"

"वीज गेलीय, खटका..."

"आईजवळ कोण आहे?"

लमीसची पावलं आली, वर, वर, वर.

मशीनच्या मागे भरलेला सिलिंडर उभा असतो, अशाच वेळेसाठी. आल्या दिवसापासून त्यावर फिरासचा कोट टांगलेला. लमीसने तो जमिनीवर भिरकावला, चावी फिरवली. फुस्स आवाज झाला. मास्क आईच्या तोंडावर बसला. "दमाने घे," लमीस म्हणत होती, "दमाने, दमाने." आईचे ओठ निळे पडले होते, हे मला मागून तिच्याच बोलण्यातून कळलं.

वीज आली. मशीन पुन्हा घरघरायला लागलं. धापा टाकत फिरास दारात उभा राहिला.

"मला काय ठाऊक तिथे सिलिंडर आहे!"

"तुझा कोट त्याच्यावर होता, फिरास! डोळे दुबईत ठेवून आलायस? आणि हाक? हाक का नाही दिलीस?"

"तिकडे कोण हाका मारतं!"

"मग तिकडेच लाव तुझं यंत्र!"

"तुझ्यासाठीच आणलं ना! दुसरी कोणी असती तर..."

"दुसरी कोणी असती तर तुझ्या खोक्यासकट तुला जिन्यावरून लोटलं असतं. आई मेली असती. तू खाली खटका शोधत बसला असतास आणि आई वर मेली असती!"

फिरास भिंतीला टेकला. मला त्याची कीव यायला हवी होती. आली नाही.

मग लमीसने मला पाहिलं. जवळ आली. माझ्या कापलेल्या कडेवरून तिने बोट फिरवलं, आणि धारेने ते चिरलं. रक्ताचा थेंब माझ्या पत्र्यावर पडला. तिने बोट तोंडात धरलं.

"भांडा," आतून आईचा आवाज आला, मास्कमुळे दबलेला. "भांडायला घर आहे तुमचं. पण लमीस, माझ्या माय, ईदपासून तू माझ्या डोळ्यांत बघत नाहीयेस. काय आहे ते बोल."

मशीन तेवढं घरघरत होतं. ती बोलेपर्यंत, मित्रांनो, माझं मागणं सांगून घेतो. लहान डब्यात मोठी वस्तू बसवायचीच असेल तर बसवा. पण आधी पट्टी लावा. हवेला वाट ठेवा. वायर मोडू नका. झाकण लागत नसेल तर समजा की तुमचं चुकलं, डब्याचं नाही. आणि घरात कोण कशावर जगतंय ते विचारल्याशिवाय बटण दाबू नका. कोणाला मोठी भेट द्यायची असेल तर आधी त्याच्यापाशी बसा, त्याला कुठे जायचंय ते ऐका. नाहीतर तुमचं प्रेम त्याच्या पत्र्यातून करवतीसारखं फिरतं आणि तुम्ही शाबासकीची वाट बघत उभे राहता.

लमीसने बोट तोंडातून काढलं. आईच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. आवाज अगदी खाली, पण थरथर नाही.

"शनिवारी माझं विमान आहे, आई. नांतला. नोकरी लागलीय मला, आणि मी जातेय. फिरास, रविवारचं तुझं तिकीट रद्द कर. आता आईजवळ तू."